जुना फाइन आर्ट फोटो प्रिंटर: दुरुस्त करायचा की बदलायचा?

फाइन आर्ट फोटो प्रिंटर एकाएकी बंद पडतो असं फार क्वचित होतं. आधी नोझल चेकमध्ये (शाई फवारणाऱ्या हेडची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे नोझल, तपासायला प्रिंटर छापतो त्या रेघांच्या नक्षीत) एखादी रेघ तुटते, मग हेड क्लीनिंगचे फेरे वाढतात, मग आकाशाच्या सलग निळ्या भागात बारीक पट्टे दिसू लागतात. शेवटी एक दिवस कॉटन कागदावरची मोठी प्रिंट वाया जाते, आणि निर्णय नेमका त्याच दिवशी, वैतागात घेतला जातो. कुणी लगेच नवा प्रिंटर मागवतो, कुणी क्लीनिंगवर क्लीनिंग करत दोन-तीन कार्ट्रिज संपवतो. दोन्हींत पैसे जातात आणि नेमकं बिघडलंय काय, हे कळत नाही ते नाहीच.

प्रिंटर किती वर्षांचा झाला यावरून हा निर्णय घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. कोणता भाग गेलाय, त्या मॉडेलची शाई आणि ड्रायव्हर पुढे किती काळ मिळतील, आणि तुमच्याकडे कोणतं काम अर्धवट आहे, यावरून तो घ्यावा. दहा वर्षांचा प्रिंटर हेड झाकणाऱ्या एका रबरी कॅपमुळे अडलेला असू शकतो, आणि चार वर्षांच्या प्रिंटरवर खर्च करण्यात काही अर्थ नाही असंही होऊ शकतं.

पायरी 1: आधी पुरावा गोळा करा

क्लीनिंगचं बटण दाबण्याआधी साध्या कागदावर नोझल चेक काढा, त्यावर तारीख आणि वेळ लिहा. मग क्लीनिंग न करता लगेच दुसरा काढा. मध्ये एखादी मध्यम आकाराची, सगळे रंग वापरणारी प्रिंट काढून तिसरा काढा. हे तीन कागद शेजारी ठेवून पाहिलेत की बरंच निदान तिथेच होतं.

तिन्ही कागदांवर त्याच जागच्या रेघा तुटलेल्या असतील, तर ती नोझल वाळलेल्या शाईने बंद झाली आहेत किंवा कायमची गेली आहेत. तुटण्याची जागा दर वेळी बदलत असेल, तर अडचण बहुधा हवेची आहे: शाईच्या नळीत बुडबुडे शिरताहेत किंवा डॅम्पर (नळी आणि हेड यांच्यामधली शाईची लहान डबी) नीट भरत नाही. पहिला चेक स्वच्छ, पण प्रिंट काढल्यावर एखाद्या रंगाची अर्धी नक्षी गायब, याचा अर्थ त्या रंगाला मागणीइतकी शाई पोचत नाही. हेड इथे निर्दोष असण्याची शक्यता जास्त. डॅम्पर, नळी किंवा कार्ट्रिजचं हवेचं छिद्र तपासा.

क्लीनिंग केल्यावर चेक आधीपेक्षा वाईट येत असेल, तर तो हेडचा दोष समजू नका. क्लीनिंग म्हणजे पंपाने कॅपमधून शाई ओढून घेणं. कॅपची कड हेडला घट्ट बसत नसेल, तर शाईऐवजी हवा ओढली जाते आणि चांगली नोझलही रिकामी होतात. पिवळ्या नक्षीत काळा किंवा मजेंटा मिसळलेला दिसला तरी आधी कॅप आणि वायपर (हेड पुसणारं रबरी पातं) पाहा, कारण तिथे साचलेली घाण एका रंगाची शाई दुसऱ्या रंगाच्या नोझलपर्यंत नेते. रेघा तुटलेल्या नाहीत पण वाकड्या आहेत, तर नोझलच्या तोंडाशी कागदाचा तंतू अडकलेला असू शकतो. जाड कॉटन कागद किंवा कॅनव्हास वापरणाऱ्यांना हे नेहमी भेटतं, म्हणून असा कागद भरण्यापूर्वी मऊ ब्रशने हलकेच झटकून घ्यावा.

एक संपूर्ण रंग पहिल्यापासून शून्य, आणि कितीही क्लीनिंग केलं तरी एक टिंबही उमटत नाही, ही सगळ्यांत काळजीची खूण. तरी डॅम्पर पूर्ण तुंबल्यामुळेही असं होतं, त्यामुळे लगेच आशा सोडू नका.

किती नोझल बंद आहेत यालाही मॉडेलप्रमाणे वेगळा अर्थ असतो. एपसन स्टायलस प्रो 3880 मध्ये एका रंगाला 180 नोझल आहेत, त्यामुळे पाच गेली तरी सलग रंगाच्या भागात ते डोळ्यांना जाणवू शकतं. कॅनन प्रो-1000 मध्ये एका रंगाला 1,536 आहेत, आणि बंद नोझल ओळखून त्यांचं काम शेजारच्या नोझलकडे देण्याची सोयही त्यात आहे. तिथे प्रत्यक्ष प्रिंटमध्ये पट्टे येईपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

पायरी 2: स्वस्तातले उपाय संपवा

पिगमेंट शाईतले कण तळाशी बसतात. महिनाभर न हललेल्या प्रिंटरमधल्या कार्ट्रिज, मॉडेलच्या सूचनांमध्ये परवानगी असेल तर, काढून हलक्या हाताने हलवा. खोलीतली आर्द्रता मोजा. हवा फार कोरडी असेल तर शाई नोझलच्या तोंडाशीच सुकते. आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान राखली तर पुष्कळ कुरबुरी आपोआप थांबतात.

सलग तीनपेक्षा जास्त क्लीनिंग करू नका. तिसऱ्यानंतरही फरक नसेल तर प्रिंटर बंद करून रात्रभर ठेवा, म्हणजे कडक झालेली शाई आतल्या ओल्या शाईत सैल होते आणि बुडबुडेही वर सरकतात. बंद करताना प्रिंटरचंच बटण वापरा. भिंतीवरचा स्विच बंद केलात तर हेड कॅपवर जाऊन बसत नाही आणि उघडंच राहतं.

मग कॅपिंग स्टेशन, म्हणजे काम नसताना हेड कॅपवर येऊन बसतं ती जागा. हेड बाजूला घेण्याची पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी आहे, ती आधी नीट समजून घ्या. कॅपची रबरी कड आणि वायपरचं पातं डिस्टिल्ड वॉटरने भिजवलेल्या, तंतू न सोडणाऱ्या फोमच्या काडीने पुसा. त्यानंतर कॅपमध्ये थोडं डिस्टिल्ड वॉटर टाकून साधं क्लीनिंग चालवा. पाणी ओढलं गेलं तर पंप चालू आहे. तसंच साचून राहिलं तर पंप किंवा त्याची नळी तुंबली आहे, आणि तुम्ही इतके दिवस हेडला दोष देत होतात. माझ्या दृष्टीने ही सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत मोलाची चाचणी आहे. खर्च जवळजवळ काहीच नाही, आणि दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात हेडची किंमत येणार की एका पंपाची, हे तिथेच ठरतं.

सिरिंजने दाब देऊन हेडमधून द्रव ढकलण्याचे सल्ले भरपूर मिळतात. ते टाळा. हेडच्या आतले थर नाजूक असतात, आणि जास्त दाबाने एका रंगाची शाई दुसऱ्यात शिरली की परतीचा मार्ग राहत नाही. भिजवायचंच असेल तर डिस्टिल्ड वॉटर, आणि त्याने भागलं नाही तर पिगमेंट शाईसाठीच बनवलेलं क्लीनिंग फ्लुइड. हेडच्या वरच्या चपट्या केबलच्या टोकांना मात्र ओल अजिबात लागू देऊ नका.

दोष शाईचा नसून हालचालीचा असेल, म्हणजे उभ्या रेघा दुहेरी दिसत असतील किंवा हेड मध्येच धक्के खात असेल, तर एन्कोडर स्ट्रिप पाहा. हेडच्या वाटेवरच्या या पारदर्शक पट्टीवर शाईचा तुषार बसला की प्रिंटरला हेडची जागा कळेनाशी होते. कागदाच्या सरकण्यात फरक पडत असेल तर रोलर पुसून घ्या आणि पेपर फीड ॲडजस्टमेंट पुन्हा करा.

पायरी 3: हेड कोणत्या जातीचं आहे ते समजून घ्या

एपसनचं हेड पिझो पद्धतीचं असतं. विजेच्या दाबाने स्फटिक किंचित आकार बदलतो आणि शाईचा थेंब बाहेर ढकलला जातो. शाई तापत नाही, त्यामुळे हे हेड प्रिंटरच्या आयुष्याइतकं टिकावं अशीच रचना असते. ते बदलणं वापरकर्त्याचं काम नाही. नवं हेड बसवलं की त्याची माहिती प्रिंटरमध्ये भरावी लागते, अलाइनमेंट करावी लागते, आणि सुटा भाग व मजुरी मिळून आकडा नव्या प्रिंटरच्या जवळ जाऊ शकतो.

कॅनन आणि एचपीचं हेड थर्मल. सूक्ष्म हीटर शाईला क्षणात उकळवतो आणि बुडबुड्याने थेंब बाहेर पडतो. हीटर झिजतात, म्हणून हेड बदलण्याजोगं ठेवलेलं असतं. प्रो-1000 चं पीएफ-10 हेड वापरकर्ता स्वतः बदलू शकतो. एचपी डिझाइनजेट झेड 3200 मध्ये दोन-दोन रंगांची सहा वेगळी हेड आहेत, त्यामुळे बिघडलेलं तेवढंच बदलता येतं. म्हणून ‘हेड गेलं’ हे वाक्य या प्रिंटरांसाठी बहुतेकदा खर्चाची बातमी असते, तर मोठ्या वयाच्या पिझो प्रिंटरसाठी शेवटाची.

दोन्ही जातींना लागू पडणारा एक धोका आहे आणि तो फार कमी लोक आधी विचारतात. हेडमध्ये शॉर्ट झालं असेल तर मेन बोर्डवरचा हेड चालवणारा भाग जळालेला असू शकतो. अशा बोर्डवर नवं हेड लावलं तर तेही जातं. म्हणून हेड मागवण्याआधी बोर्ड तपासला का, हे टेक्निशियनला स्पष्ट विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर काम देऊ नका.

बाकीच्या भागांचं थोडक्यात. मेंटेनन्स टँक (वाया गेलेली शाई साठवणारी टाकी) भरला ही दुरुस्ती नाही, देखभाल आहे. एपसनच्या 3880, पी 800, पी 900 किंवा कॅननच्या प्रो-1000 मध्ये तो काही मिनिटांत बदलता येतो. काही लहान मॉडेलमध्ये वाया गेलेली शाई आतल्या स्पंजमध्ये जमा होते आणि ठरावीक मोजणीनंतर प्रिंटर काम थांबवतो. तिथे स्पंज बदलून मोजणी शून्यावर आणावी लागते, पण प्रिंटर मेलेला नसतो. कॅप, वायपर, डॅम्पर, पंप हे भाग मिळत असतील तर यांपैकी कशासाठीही चांगला प्रिंटर टाकू नये.

पायरी 4: प्रिंटरभोवतीच्या गोष्टी किती दिवस टिकतील?

यंत्र ठणठणीत आणि शाईच मिळत नाही, असं होऊ शकतं. मूळ शाईच्या सगळ्या रंगांच्या कार्ट्रिज आज एकाच वेळी मिळतात का ते पाहा. एखादा लाइट लाइट ब्लॅक (काळ्याची सगळ्यांत फिकट छटा) दोन महिने गायब असेल तर त्याची दखल घ्या. मुदत संपलेल्या कार्ट्रिज स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या, तर त्या मॉडेलची शाई बाजारातून जात असल्याची ती खूण समजा. दुसऱ्या कंपनीची शाई चालते, पण मग तुमची सगळी प्रोफाइल (त्या-त्या शाई आणि कागदासाठी रंग जुळवणाऱ्या फाइल) आणि प्रिंट किती वर्षं टिकेल याबद्दल ग्राहकाला दिलेला शब्द, दोन्ही पुन्हा तपासावे लागतात.

ड्रायव्हरचं दुखणं हळूच येतं. 2019 मध्ये मॅकओएस कॅटालिनाने 32-बिट प्रोग्राम चालवणं बंद केलं, तेव्हा जुन्या प्रिंटरांची 32-बिट सहायक सॉफ्टवेअरं एका अपडेटने निकामी झाली. मायक्रोसॉफ्टनेही 2023 मध्ये विंडोज अपडेटमधून इतर कंपन्यांच्या ड्रायव्हरचं वितरण टप्प्याटप्प्याने थांबवण्याचं जाहीर केलं. एअरप्रिंटसारख्या, कंपनीचा ड्रायव्हर न लागणाऱ्या सामान्य मार्गाने प्रिंट निघते, पण कागदाचा प्रकार, प्लेटन गॅप (हेड आणि कागद यांमधलं अंतर), काळ्या-पांढऱ्याचा खास मोड यांवरचा ताबा जातो, आणि फाइन आर्टच्या कामात त्याच गोष्टी महत्त्वाच्या असतात. जुना संगणक इंटरनेटपासून दूर ठेवून केवळ प्रिंटिंगसाठी जपणं हा चांगला तोडगा आहे. तो वर्षानुवर्षं चालू शकतो.

क्वाडटोनरिपसारख्या, ड्रायव्हरऐवजी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरवर तुमचं काळं-पांढरं काम उभं असेल, तर नव्या प्रिंटरचं नाव त्याच्या यादीत आहे का हे खरेदीपूर्वी पाहा. अनेकांसाठी तेवढ्या एका कारणाने दुरुस्ती हाच योग्य पर्याय ठरतो.

पायरी 5: हिशेब महिन्यांवर मांडा

‘दुरुस्ती नव्याच्या निम्म्याहून महाग असेल तर बदला’ असा एक ठोकताळा आहे. मला तो अपुरा वाटतो, कारण दुरुस्तीनंतर प्रिंटर किती काळ चालेल हे त्यात कुठेच येत नाही.

त्याऐवजी असं करा. नव्या प्रिंटरची किंमत 100 धरा. त्याचं उपयोगी आयुष्य पाच वर्षं, म्हणजे 60 महिने मानलं तर महिन्याला सुमारे 1.7. आता दुरुस्तीचा खर्च 35 आणि त्यानंतर वर्षभर खात्री, तर महिन्याला 2.9. निम्म्याहून स्वस्त असूनही ही दुरुस्ती महाग आहे. उलट कॅप आणि पंप मिळून खर्च 12 आणि दोन वर्षं चालण्याची आशा, तर महिन्याला 0.5. इथे नव्याचा विचारही करू नये.

आकडे भरताना लपलेले खर्च दोन्ही बाजूंना धरा. दुरुस्तीच्या बाजूला आतापर्यंत नव्हे, तर यापुढे क्लीनिंगमध्ये जाणारी शाई आणि वाया जाणारा कागद. गेलेले पैसे हिशेबात आणू नका, ते कोणत्याही निर्णयाने परत येणार नाहीत. नव्याच्या बाजूला प्रत्येक कागदाचं नवं आयसीसी प्रोफाइल, चाचणी प्रिंट, आणि कपाटात पडून असलेल्या, नव्यात न चालणाऱ्या कार्ट्रिज. ही शेवटची बाब लहान नाही. 3880 ला 80 मिलीच्या नऊ कार्ट्रिज लागतात, म्हणजे पूर्ण संच 720 मिली. प्रो-1000 चा बारा कार्ट्रिजचा संच 960 मिली. अर्धा संच शिल्लक असेल तर त्याची किंमतच एखाद्या दुरुस्तीएवढी होऊ शकते.

नव्यासोबत शाई मिळते, हे खरं. पण पहिल्यांदा सुरू करताना तिचा मोठा भाग नळ्या आणि हेड भरण्यात जातो. आणि पी 900 ची कार्ट्रिज 50 मिलीची आहे, आधीच्या पी 800 ची 80 मिलीची होती. म्हणून किंमत कार्ट्रिजची नव्हे, मिलीची तपासा.

महिन्यातून दोन-चार प्रिंट काढणाऱ्यांनी तिसरा पर्यायही याच हिशेबात मांडावा: चांगल्या प्रिंट लॅबकडून काम करून घेणं. कमी वापरात स्वतःचा प्रिंटर नोझल उघडी ठेवण्यासाठीच शाई पितो. स्वतः प्रिंट काढण्याचा आनंद आणि ताबा मला फार मोलाचा वाटतो, पण तो किती महाग पडतोय हे माहीत असलेलं बरं.

पायरी 6: नव्याने खरंच काय मिळेल?

इथे प्रामाणिक तुलना लागते. 2002 च्या आसपासचे पिगमेंट प्रिंटर वापरणाऱ्याला बदल मोठा जाणवेल. त्यांच्यात चमकदार कागदावर तांबूस झाक येणं आणि प्रकाश बदलला की करड्या छटा बदलणं हे दोष ठळक होते. 2005 मध्ये एपसनने तीन काळ्या छटांची के 3 शाई आणल्यावर ते बरेच कमी झाले. त्यानंतरची सुधारणा खरी आहे, पण ती पायरीपायरीने झालेली. 2020 च्या पी 700 आणि पी 900 मध्ये जांभळी शाई आली, आणि मॅट ब्लॅक (मॅट कागदाची काळी शाई) व फोटो ब्लॅक (चमकदार कागदाची) यांना स्वतंत्र नोझल मिळाली. जुन्या 3880 किंवा पी 800 वर दोन्ही प्रकारचे कागद आलटून-पालटून वापरणाऱ्याची काळा बदलताना जाणारी शाई आणि वेळ यामुळे पूर्ण वाचतो. जो वर्षभर एकाच मॅट कॉटन कागदावर छापतो, त्याला या सोयीचा उपयोग शून्य.

जाहिरातीतल्या रंगविस्ताराच्या आकृत्यांवर जाऊ नका. तुमच्या तीन फाइल घ्या: एक गडद सावल्यांची, एक त्वचेच्या रंगांची, एक तुमच्या सगळ्यांत भडक रंगांची. तुमच्याच नेहमीच्या कागदावर त्या नव्या मॉडेलवरून छापून मिळवा आणि जुन्या चांगल्या प्रिंटशेजारी डी 50 प्रकाशात (प्रिंट पाहण्यासाठीचा प्रमाणित प्रकाश) ठेवा. मागच्या बाजूला खुणा करून दुसऱ्या कुणाला ओळखायला सांगा. फरक ओळखता येत नसेल, तर दर्जासाठी प्रिंटर बदलण्याचं कारण उरत नाही.

पायरी 7: अर्धवट आवृत्तीचा विचार

मर्यादित आवृत्ती विकणाऱ्यांनी ही पायरी सगळ्यांच्या वर ठेवावी. 25 प्रतींपैकी 11 विकल्या गेल्या आणि बारावी वेगळ्या शाईच्या प्रिंटरवर छापली, तर काळ्याची खोली, चमक, करड्या छटांचा सूर यांत फरक पडू शकतो. संग्राहकाला आपली प्रत इतर प्रतींसारखीच असेल असा विश्वास असतो. जुना प्रिंटर अजून स्वच्छ नोझल चेक देत असेल तर उरलेल्या प्रती आत्ताच छापून, सुकवून, ॲसिड-फ्री पेटीत ठेवा. केवळ तेवढ्यासाठी केलेली छोटी दुरुस्तीही सार्थकी लागते, मग वरचा मासिक हिशेब काहीही सांगो.

ते शक्य नसेल तर जुन्या प्रिंटरवरची एक मान्य प्रत संदर्भ म्हणून जपा, नव्यावर तिच्याशी जुळवून घ्या, आणि प्रमाणपत्रावर शाई व प्रिंटर बदलल्याची नोंद करा.

दुरुस्ती ठरली तर

टेक्निशियनकडे तारखांसकट नोझल चेकचे कागद द्या आणि ‘हेड खराब आहे’ असं स्वतःहून सांगू नका, लक्षणं सांगा. बदललेला जुना भाग परत मागा. बसवलेला भाग नवा आहे की दुसऱ्या प्रिंटरमधून काढलेला, त्यावर किती दिवसांची हमी, हे लेखी घ्या. प्रिंटर ताब्यात घेताना तिथेच नोझल चेक, एक सलग करड्या रंगाचं पान, आणि पुन्हा नोझल चेक काढून पाहा. हेड बदललं असेल तर प्रोफाइल तपासून घ्या. थेंबांच्या आकारात थोडाही फरक असला तर करड्या छटा सरकतात.

बदलायचं ठरलं तर

जमलं तर जुना प्रिंटर महिनाभर शेजारी चालू ठेवा, कारण नव्याची जुळवणी करायला त्याच्याच प्रिंट लागतात. विकणार असाल तर त्या दिवशीचा नोझल चेक जोडा आणि दोष झाकू नका. वाहतुकीआधी मॉडेलच्या सूचनेप्रमाणे हेड लॉक करा, प्रिंटर आडवा-तिरपा करू नका, नाहीतर शाई केबलपर्यंत जाते. अगदीच निकामी असेल तर तेच मॉडेल वापरणारा कुणी सुट्या भागांसाठी नेईल. नाहीतर अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या, आणि भरलेला मेंटेनन्स टँकही तिथेच द्या, त्यातली शाई नाल्यात जाऊ देऊ नका.

खरेदीआधी मात्र एक प्रश्न विचारा: जुना कशाने गेला? महिनोन्महिने बंद राहून नोझल सुकली असतील, तर नवाही त्याच सवयींत तसाच जाईल. आठवड्याला सगळे रंग वापरणारी एक लहान प्रिंट, आर्द्रतामापक, काम नसताना धुळीपासून आच्छादन, आणि जाड कागदाची वळलेली कड हेडला घासू नये म्हणून सरळ केलेला कागद व मोठा प्लेटन गॅप, इतकी व्यवस्था पहिल्या दिवसापासून लावा. पहिला नोझल चेक तारीख टाकून फाइलला लावा, पुढच्या वेळी तुलना त्याच्याशीच करायची आहे.